वस्त्राची गाठ आणि त्वचेचा पहारा
(सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या आनंदाची गोष्ट होय. या निमित्ताने संस्थेच्या वाटचालीविषयी पुष्कळ बोलले जाईल व ते योग्यच आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र आरोग्याचा आहे. त्वचेचा कर्करोग अगदी आरंभीच्या अवस्थेत असताना शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी कशी झुंज देते आणि ती कोठे कमी पडते, हे येथे समजून घ्यावयाचे आहे. विषय डॉक्टरांचा वाटेल. परंतु त्याचे एक टोक वस्त्राशी बांधलेले आहे. गुलमंडी, टिळक पथ, पैठण गेट या परिसरातील कापड दुकानांवर ज्या समाजातील अनेक घरांचा चरितार्थ चालला आणि ज्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया आजही लुगडे, साडी वा घागरा कमरेला घट्ट बांधतात, त्या समाजाला हा विषय परका नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होत. कर्करोगाचा माग त्यांनी लोकांच्या राहणीत आणि चालीरीतींत घेतला, हे त्यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य. १९४५ मध्ये त्यांनी सहसंशोधक सूर्याबाई यांच्यासह एक निबंध अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारतातील सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग हा पहिला. चुन्यात मळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, ओठात धरणाऱ्यांच्या ओठाचा कर्करोग हा दुसरा. तिसऱ्यात तंबाखूचा संबंधच नव्हता. तो होता धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरील त्वचेचा कर्करोग. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला 'धोती कॅन्सर' हेच नाव पडले. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा 'कांगडी कॅन्सर' हा त्याचाच भाऊबंद.

पुढे मुंबईतील डॉक्टरांना साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही असेच रोगी आढळले आणि 'साडी कॅन्सर' हा शब्द प्रचारात आला. हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिल्या सत्तर वर्षांच्या बाई नऊवारीच्या आत परकर घालीत व त्याची नाडी घट्ट बांधीत. त्यांच्या उजव्या कुशीवरची जखम अठरा महिने भरून आली नव्हती आणि भोवतालच्या कातडीचा रंग गेला होता. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धातील. चाळीस वर्षे त्यांनी परकराविना घट्ट लुगडे नेसलेले. त्यांची जखम दोन वर्षे चिघळत होती. दोघींच्या जखमांत कर्करोग निघाला. दुसऱ्या बाईंच्या जांघेतील एका लसिका ग्रंथीपर्यंत तो पोहोचलाही होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. धोतर, लुगडे, परकर कोट्यवधी लोकांनी जन्मभर वापरले. त्यांतील बहुतेकांच्या कमरेवर काळपट वळ उठतो, उन्हाळ्यात घामाने कंड सुटते, क्वचित कातडी सोलवटते. मग कर्करोग इतक्या थोड्यांनाच का व्हावा? आणि ज्यांना झाला त्यांनाही तीस-चाळीस वर्षांनंतरच का व्हावा? या मधल्या काळात शरीराच्या आत एक सावध पहारा चालू असतो. त्याची कार्यपद्धती मोठी मनोरम आहे.

त्वचेचा बाहेरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि साधारण महिना-सव्वा महिन्याने कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. प्रत्येक नवी पेशी म्हणजे जुन्या पेशीची नक्कल. पेढीवर हजारो नोंदी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवताना एखादा आकडा चुकावा, तशी या नकलेतही चूक होते. कातडी रोज घासली गेली की झिजलेल्या पेशी भरून काढण्यासाठी नकला अधिक वेगाने कराव्या लागतात आणि चुकांची शक्यता वाढते. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्ती अशक्य झाली तर ती पेशी स्वतःहून नाहीशी होते. या कामी पी-५३ नावाचे जनुक मोठी जबाबदारी सांभाळते. परंतु कधी चूक त्या जनुकातच होते. मग ती बिघडलेली पेशी नाहीशी होत नाही, उलट वाढू लागते. कर्करोगाचा आरंभ होतो तो असा.

येथून रोगप्रतिकारशक्तीचे काम सुरू होते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. कापडाच्या दुकानात प्रत्येक ताक्याचा नमुना दर्शनी भागी लावून ठेवावा, तसाच हा प्रकार. आतला माल कसा आहे हे नमुन्यावरून कळते. बिघडलेल्या पेशीच्या नमुन्यांत एखादा धागा निराळा दिसू लागतो.

हा निराळा धागा प्रथम टिपतात त्या त्वचेतच राहणाऱ्या, ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशी. १८६८ मध्ये जर्मनीतील पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात, अशी त्याची समजूत झाली. त्या शरीराच्या पहारेकरी आहेत हे कळावयास पुढे शंभरएक वर्षे लागली. आज त्या लँगरहान्स पेशी म्हणूनच ओळखल्या जातात. त्या आपल्या फांद्या पसरून आजूबाजूच्या पेशींची चाचपणी करीत राहतात. संशयास्पद असे काही सापडले की त्याचा तुकडा उचलतात, आपली जागा सोडतात आणि लसिकावाहिन्यांच्या बारीक वाटेने जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ज्या गाठी सुजून अवधाण येते, त्याच या लसिका ग्रंथी होत. कमरेखालच्या शरीराचा आणि कमरेच्या बऱ्याचशा भागाचा निरोप जांघेतील ग्रंथींकडे जातो.

ग्रंथीमध्ये टी पेशींची दाटी असते. प्रत्येक टी पेशी एका विशिष्ट नमुन्यासाठीच घडलेली असते. आणलेला तुकडा तिच्यापुढे धरला जातो. ज्या टी पेशीशी तो जुळतो ती जागी होते, एकीच्या अनेक होतात आणि रक्तावाटे त्वचेत येऊन बिघडलेल्या पेशी शोधतात. पेशीच्या आवरणास सूक्ष्म छिद्र पाडून त्या आत अशी द्रव्ये सोडतात की पेशी शांतपणे विरून जाते. बिघडलेल्या काही पेशी चतुर असतात. ओळख लपविण्यासाठी त्या आपले नमुनेच काढून घेतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या प्रकारचे तपासनीस आहेत, त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. ज्या दुकानाच्या दर्शनी भागी एकही नमुना दिसत नाही, त्याच दुकानावर या पेशी संशय घेतात. लेखापरीक्षणातही कोरी वही खोट्या वहीइतकीच संशयास्पद ठरते.

हा पहारा खरोखर असतो, याचा पुरावा रुग्णालयांनी दिला आहे. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रोग्याला परक्याचे मूत्रपिंड शरीराने स्वीकारावे म्हणून प्रतिकारशक्ती मंद करणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. पाश्चात्त्य देशांतील गौरवर्णी रोग्यांत असे दिसून आले की, या काळात त्यांना त्वचेच्या चपट्या पेशींचा कर्करोग, म्हणजे 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', इतरांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक होतो. पहारा मंदावला की आजवर दबलेले डोके वर काढते, हाच त्याचा अर्थ. कमरेवरचा कर्करोगही याच जातीचा असतो.

प्रतिकारशक्ती कर्करोगावर सतत नजर ठेवते, हा विचार ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ मॅक्फार्लेन बर्नेट यांनी १९५० च्या दशकात पुढे आणला. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉबर्ट श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अधिक नेमके रूप देऊन या झुंजीच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिली निर्मूलनाची: बिघडलेल्या पेशी ओळखल्या जातात व नाहीशा होतात, माणसाला काहीच कळत नाही. दुसरी समतोलाची: काही पेशी उरतात, पण पहारा त्यांना वाढू देत नाही. ही अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते. तिसरी निसटण्याची: उरलेल्या पेशींतील सर्वांत चलाख पेशी पहाऱ्याची नजर चुकवून वाढू लागतात. टी पेशींना अतिरेकापासून आवरण्यासाठी निसर्गाने त्यांना लगाम दिलेले असतात. कर्करोगाच्या पेशी नेमका तो लगाम ओढून त्यांना थोपवितात. या लगामांचा शोध लावून ते सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा कमरेच्या गाठीकडे वळू. परकराची नाडी बारीक, तिचा ताण मोठा, आणि ती रोज त्याच रेषेवर बसते. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या घडीखाली घाम व धूळ साचते. कातडीचा रंग आधी गडद होतो, काहींचा पुढे फिका पडतो, कातडी जाड व खवल्यांची होते, तिला चिरा पडतात. चीर भरते, पुन्हा पडते. अशी शेकडो वेळा भरलेली जागा अखेर वणासारखी निबर होते. भाजल्याच्या वा जुन्या जखमेच्या वणात बऱ्याच वर्षांनी उद्भवणाऱ्या अशा कर्करोगाच्या व्रणाला फ्रान्सचे शल्यविशारद मार्जोलँ यांचे नाव मिळाले आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी कमरेवरच्या जखमांची गणनाही त्याच व्रणांत केली.

वणामध्ये कर्करोग का उद्भवतो, याचे वैद्यकाने दिलेले एक उत्तर फार विचार करण्याजोगे आहे. वणाची ऊती दाट आणि कठीण असते. तिच्यात रक्तवाहिन्या थोड्या आणि लसिकावाहिन्या बुजलेल्या. म्हणजे पहारेकऱ्याला तुकडा सापडला तरी ग्रंथीकडे जाणारी वाट बंद. आणि ग्रंथीतून टी पेशी निघाल्या तरी त्यांना आत शिरावयास मार्ग अरुंद. वस्तीत चोर शिरावा आणि चौकीकडे जाणारा रस्ताच दरड कोसळून बंद व्हावा, तशी ही स्थिती. त्यात भर म्हणजे जखम कायम पेटती राहिली की दुरुस्तीसाठी आलेल्या पेशी वाढीला चालना देणारी द्रव्ये सतत सोडीत राहतात आणि त्यांचा लाभ बिघडलेल्या पेशीलाही मिळतो. रक्षणासाठी निर्माण झालेली यंत्रणा विश्रांतीवाचून राबली की अशी शत्रूच्याही उपयोगी पडते. म्हणूनच कमरेच्या त्वचेला विश्रांती देणे हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय ठरतो.

ऐकणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. भारतात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे, कारण आपल्या त्वचेतील रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून तिचे रक्षण करते. कमरेवरचा कर्करोग तर दुर्मीळच. कमरेवर वळ असणाऱ्या शंभर स्त्रियांतील शंभरही बहुधा निर्धोकच असतील. पूजेपुरते तास-दीड तास नेसलेल्या धोतराची चिंता करण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो दिवसभर, रोज, वर्षानुवर्षे एकाच जागी पडणाऱ्या काचाचा, आणि न भरणाऱ्या जखमेकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा.

हे दुर्लक्ष का होते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. जागा झाकलेली असते. घरातील आजी ती सुनेलाही दाखवीत नाही, मग डॉक्टरला दाखविणे दूरच. हळद लावली जाते, खोबरेल लावले जाते, आणि कंड फारच वाढली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मलम आणले जाते. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते, म्हणून मलम गुणकारी वाटते. परंतु दीर्घकाळ वापरल्यास कातडी पातळ होते आणि त्या जागेचा पहाराही मंदावतो. ज्या पहारेकऱ्यांची सर्वाधिक गरज असते त्यांनाच अशाने झोपविले जाते. प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या चूर्ण-गोळ्यांच्या जाहिरातीही पुष्कळ दिसतात. न भरणाऱ्या जखमेवर त्यांचा भरवसा धरून महिने घालविणे हितावह नाही.

दुसरी भीती तुकडा काढून तपासण्याची. 'सुई लागली की रोग पसरतो' अशी समजूत घराघरांत आहे. ती निराधार आहे. जागा बधिर करून त्वचेचा छोटा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग आहे की नाही आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे त्याखेरीज खात्रीने कळत नाही. आरंभीच्या अवस्थेत निदान झाले तर भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह तो भाग काढून टाकणे हाच मुख्य उपचार असतो आणि बहुसंख्य रोगी त्याने बरे होतात. त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांत व कर्करोगपूर्व डागांत 'इमिक्विमॉड' नावाचे मलमही डॉक्टर वापरतात. ते कर्करोगाच्या पेशींना जाळीत नाही, तर त्या जागेच्या प्रतिकारशक्तीलाच जागे करते. लगाम सैल करणारी इंजेक्शने वाढलेल्या रोगासाठी आहेत, आणि ती अतिशय महाग आहेत. रोग ग्रंथीपर्यंत गेला की शस्त्रक्रिया मोठी होते, खर्च वाढतो आणि बरे होण्याची आशा कमी होते. वर्ध्याच्या निबंधातील दोन स्त्रियांच्या स्थितीत जो फरक पडला, तो या एका ग्रंथीचा.

तेव्हा घरोघरी पाळता येतील अशा काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

१. परकर, घागरा, लेंगा यांची नाडी श्वास मोकळा राहील इतकी सैल बांधावी. बारीक नाडीऐवजी रुंद, मऊ सुती पट्टी वापरावी. रात्री झोपताना ती सैल करावी.

२. गाठ रोज एकाच जागी न बांधता थोडी वर-खाली, डावी-उजवीकडे बदलावी. लुगडे परकरावाचून नेसणाऱ्यांनी आत सैल परकर वापरावा.

३. उन्हाळ्यात कमरेची त्वचा रोज स्वच्छ धुऊन कोरडी करावी. कंड असेल तर काही दिवस कमरेला काच न देणारे वस्त्र वापरावे.

४. कमरेवर वा अन्यत्र चार आठवड्यांत न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारी चीर, कडा उचललेला व्रण, जुन्या भाजल्याच्या वणात नव्याने आलेली गाठ, तसेच तळपायावर वा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

५. रोपणानंतरची औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी ही तपासणी अधिक काटेकोरपणे करावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आपल्या शहरात यासाठी दूर जावे लागत नाही. घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून मराठवाड्यातील रोग्यांची सेवा करीत आहे. पूर्वी मुंबईची वाट धरल्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, त्यांची मोठी सोय झाली आहे.

शेवटी दोन विनंत्या. पहिली कापडाच्या व्यापारी बंधूंना. शिवून तयार परकर विकताना नाडीचा विचार सहसा कोणी करीत नाही. गिऱ्हाईक रंग पाहते, घेर पाहते, भाव पाहते. रुंद पट्टीचा परकर थोडा महाग पडेल, परंतु वयस्कर गिऱ्हाइकाला तो आवर्जून दाखवावा आणि कारणही सांगावे. माप घेताना शिंप्यालाही तशी सूचना द्यावी.

दुसरी विनंती विश्वस्त मंडळींना. संस्थेच्या वतीने आरोग्य शिबिर भरेल तेव्हा रक्तदाब व साखर यांच्या जोडीला त्वचेची तपासणीही ठेवावी. ती स्त्री डॉक्टरांकडून आणि आडोशाच्या खोलीत व्हावी, म्हणजे कमरेची जखम दाखविताना कोणाही मातेला संकोच वाटणार नाही. पन्नास-साठ वर्षे घराचा भार वाहताना ज्यांनी स्वतःच्या दुखण्याचा उच्चार केला नाही, त्यांना यंदाच्या वर्षी मुलांनी आणि सुनांनी आपण होऊन विचारावे: "कमरेला काही होत नाही ना?" शरीरातील पहारेकरी आपले काम इमानाने करीतच आहेत. त्यांची वाट जेथे बुजली आहे, तेथे घरच्या माणसांनी पहारा द्यावयाचा आहे.